लेख नेटवर चढवला, पण वाचतो कोण?



सातारा जिल्ह्यातल्या आठवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. तिच्या वर्गाने हस्तलिखित काढलं आणि बाईंनी ते इंटरनेटवरही चढवलं. हिच्या वाट्याला विषय आला ‘हादगा’. हिने काय केलं, चॅटजीपीटीसारख्या एका ए. आय. यंत्राला सांगितलं, ‘हादग्यावर पाचशे शब्दांचा निबंध लिही.’ मिनिटभरात निबंध हजर! शुद्धलेखन चोख, भाषा गुळगुळीत. बाई खूश, वर्ग खूश. पण तीन महिन्यांत वाचणारे मिळाले सात, आणि त्यातले चार घरचेच. ती विचारते, ‘कुणी शोधलं तर माझा लेख पहिल्या पानावर यावा, यासाठी काय करू?’

प्रश्न झकास आहे. हल्ली बरेच जण असं लिहितात, म्हणून उत्तर सगळ्यांनाच देतो.

आधी शोधयंत्र काय करतं ते बघू. तुम्ही शब्द टाइप करून बटण दाबता तेव्हा ते काही जगभर पळत सुटत नाही. पळापळ आधीच झालेली असते. एक प्रोग्राम रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्याच्या धाग्याने फिरत असतो. इंग्रजीत त्याला चक्क ‘स्पायडर’ म्हणतात, म्हणजे आपला कोळी. हा कोळी पानं वाचतो आणि त्यांची सूची तयार होते. जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, अमुक शब्द अमुक पानावर, तशीच. तुम्ही शोधता ते या सूचीत. तुमच्या लेखात जो शब्दच नाही, त्या शब्दापुढे तुमचं पान लागायचं कसं? आजची शोधयंत्रं काही समानार्थी शब्द ओळखतात हे खरं, पण मराठीच्या गावोगावच्या बोलीपर्यंत त्यांची मजल दर वेळी जातेच असं नाही.

आता हादग्याचंच बघा. साताऱ्या-कोल्हापूरकडे म्हणतात हादगा. पुण्याकडे तोच खेळ झाला भोंडला. खान्देशात आणि विदर्भात जा, तिथे भुलाबाई. तिकडे पाटावरच्या हत्तीऐवजी भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मूर्ती बसवतात, आणि खेळ भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून थेट कोजागिरीपर्यंत चालतो. म्हणजे नागपूरची एखादी मुलगी ‘भुलाबाई’ शोधत असेल, तर नुसता ‘हादगा’ लिहिलेला लेख तिच्या हाती लागणं कठीण. आणखी गंमत म्हणजे हादगा नावाचं झाडही आहे! त्याच्या फुलांची भाजी करतात. तुमच्या लेखाचं नाव नुसतं ‘हादगा’ असेल, तर खेळ शोधणारा भाजीवर आणि भाजी शोधणारा खेळावर! त्यापेक्षा ‘हादगा, भोंडला, भुलाबाई : आमच्या गावी हा खेळ कसा खेळतात’ असं नाव द्या. थोडं लांबलचक आहे, असू दे. ज्याला जे हवं ते त्याला नावातच दिसेल.

वेळही बघा. सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास. कुठे तेव्हापासून सोळा दिवस हादगा, कुठे नवरात्राचे नऊ दिवस भोंडला. लोक शोधणार ते तेव्हाच. लेख दिवाळीत चढवलात तर वर्षभर थांबा! ऑगस्टमध्येच तयार ठेवा, म्हणजे कोळ्यालाही यायला सवड मिळेल.

बरं, सूचीत हजार पानं सापडली. पहिलं कोण? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली, ती याच प्रश्नाच्या एका उत्तरावर. ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात, म्हणजे दुवा देतात, ते महत्त्वाचं. आणि बोट दाखवणारा स्वतःच मान्यवर असेल, तर त्याच्या बोटाचं वजन जास्त. गावात सुताराची चौकशी करताना आपणही असंच करतो की! त्यानंतर यात पुष्कळ इतर गोष्टींची भर पडली, पण हा विचार टिकून आहे.

लबाडीही लगेच सुरू झाली. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द पन्नास वेळा लिहायचा. माणसाला दिसत नाही, कोळ्याला दिसतो! असल्या युक्त्या कधीच पकडल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये गूगलने आणखी एक नियम जाहीर केला : केवळ यादीत वर येण्यासाठी ढिगाने पाडलेले, वाचणाऱ्याच्या उपयोगाचे नसलेले लेख मागे टाकले जातील, मग ते यंत्राने लिहिलेले असोत की माणसाने. यंत्राची मदत घेणं हा काही गुन्हा नाही. लेख पोकळ असणं वाईट.

पण यंत्राचा लेख पोकळ का निघतो? हे यंत्र अफाट मजकुरावर तयार झालेलं असतं आणि पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, असा अंदाज करत ते लिहितं. शंभर मुलांनी एकच प्रश्न विचारला तर शंभर निबंध येतील, पण सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. वाचणाऱ्याने त्यातला तुमचाच का उघडावा? शिवाय मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा, त्यामुळे अंदाज चुकण्याची भीती अधिक. त्याच्याकडे हादग्याचं गाणं मागा. ते देईल! ठेक्यातही बसेल कदाचित. पण कुणाच्याही आजीने ते कधी म्हटलेलं नसेल. तुम्ही ते ‘पारंपरिक गीत’ म्हणून छापलंत, की दुसरा कुणी तिथून उचलेल, तिसरा त्याच्याकडून, आणि थोड्या दिवसांनी खरं कुठलं नि बनावट कुठलं, हे सांगणारी आजी उरलेली नसेल. मला वाचकसंख्येपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

म्हणून कामाची वाटणी उलटी करा. यंत्राला सांगा, ‘लेख लिहू नकोस. हादगा कधीच न पाहिलेल्या मुलाला काय काय विचारावंसं वाटेल, असे पंधरा प्रश्न दे.’ ते प्रश्न वहीत उतरवा आणि आजीकडे, शेजारच्या काकूंकडे जाऊन बसा. पाटावरचा हत्ती रांगोळीचा की तांदळाचा? फेर कुणाच्या अंगणात? खिरापत काय असायची आणि कुणाची कधीच ओळखता यायची नाही? गल्लीतला हादगा बंद पडला तो कोणत्या वर्षी, आणि का? ही उत्तरं जगातल्या कुठल्याच यंत्रापाशी नाहीत, कारण ती कुणी लिहूनच ठेवलेली नाहीत. आजी गाणं म्हणेल ते तिच्या परवानगीने रेकॉर्ड करा, आणि ती म्हणते तसंच उतरवा.

मग लेख स्वतः लिहा. नंतर शुद्धलेखन तपासायला यंत्राकडे द्या हवा तर. पण डोळे उघडे ठेवा हं. आजीचा ठसकेबाज शब्द ‘अशुद्ध’ समजून ते तिथे पुस्तकी शब्द बसवतं. तो परत आणा. फोटोखाली एक ओळ लिहा, ‘फोटो १’ असं नको. आणि खान्देशातल्या एखाद्या शाळेने भुलाबाईवर लिहिलं असेल तर त्यांना कळवा, त्यांच्या लेखाचा दुवा तुमच्याकडे द्या. आवडलं तर तेही देतील. हेच ते बोट दाखवणं!

आईबाबांसाठी दोन ओळी : ए. आय. यंत्रांना वयाच्या अटी असतात, तेव्हा ती तुमच्या खात्यावरून आणि तुमच्या समोरच वापरू द्या. आणि लेखाबरोबर मुलांचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर नेटवर जाऊ देऊ नका.

आता भुलाबाईवाल्या भागातल्या वाचकांना एक काम. तुमच्याकडे ओळखायला सगळ्यांत अवघड खिरापत कोणती, ते पोस्टकार्डावर कळवा. घरात विचारून, बरं का, यंत्राला विचारून नव्हे! निवडक उत्तरं याच पानावर छापू.