जिनिव्हाचा कागद आणि लालबागचा रस्ता



जिल्हा बैठकीत एक प्रश्न दर वेळी निघतो. आपण कापूस-ज्वारीवाले कोरडवाहू शेतकरी. आपले भांडण भावाचे, कर्जाचे, विजेचे. मग वनजमिनीचा आणि आदिवासींच्या हक्काचा ठराव आपल्या बैठकीत कशाला? आणि राष्ट्रसंघात कोणी काय जाहीर केले त्याचे आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे.

आधी कागदांचा हिशेब मांडू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५७ साली आदिवासींच्या हक्काचा करार केला, क्रमांक १०७. भारताने १९५८ साली तो मान्य केला. १९८९ साली त्याच संघटनेने क्रमांक १६९ चा सुधारित करार केला. आदिवासींना लागू होणारा कोणताही निर्णय त्यांच्याशी सल्लामसलत केल्याशिवाय घेऊ नका, असे तो सांगतो. तो भारताने आजवर मान्य केलेला नाही. २००७ साली राष्ट्रसंघाच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. भारताचे मत बाजूने पडले, पण शासनाची भूमिका अशी, की इथले सगळेच मूलनिवासी. म्हणजे पंगतीला बोलवायचे, पण पान मांडायचे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हक्कांचाही जाहीरनामा १२१ मतांनी मंजूर झाला. जमीन, बियाणे आणि माल विकून नीट जगता येईल असा भाव, हे हक्क त्यात आहेत. तिथेही भारताने हात वर केला. पण जाहीरनामे कोणत्याही सरकारवर कायद्याने बंधनकारक नसतात.

तर मग हे कागद फुकट का? आम्ही तसे म्हणत नाही. विद्यापीठाची शिफारस कितीही चांगली असो, वापसा आल्याशिवाय तिफण चालत नाही. कागदाला वापसा येतो तो लोक रस्त्यावर आल्याने. याचा पुरावा मुंबईत आहे, आणि तोही आपल्याच कापसाच्या वाटेवर.

विदर्भ-खानदेशचा कापूस ज्या गिरण्यांत सूत झाला, त्या परळ-लालबागच्या गिरणगावात ना. म. जोशी काम करत. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली कामगार परिषद भरली, तिथे भारतीय कामगारांच्या वतीने तेच गेले. त्या परिषदेने हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तास कामाची मर्यादा घातली, आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात ती आली. पण त्याच सुमारास, १९१९ आणि १९२० साली, मुंबईचे गिरणी कामगार संपावर उतरले होते, हे विसरू नका.

दुसरा दाखला बाबासाहेबांचा. परळच्या चाळीत राहिलेले, पुढे दादरला घर बांधलेले डॉ. आंबेडकर १९३० साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. जगाच्या टेबलावर बाजू मांडली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९३७ साली त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला. अकरा वर्षे लागली, पण झाला.

तिसरा दाखला आपल्या डोळ्यांसमोरचा. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा पायी निघाला. त्यात बहुसंख्य आदिवासी होते. ११ तारखेला ते शीवला पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून पायाला फोड आलेली ही माणसे रातोरात चालत आझाद मैदानावर गेली. मुंबईकरांनी पाणी दिले, खायला दिले, चपला दिल्या. झेंडा आपला नव्हता. पण त्यांच्या मागण्यांची यादी वाचा. वनहक्काबरोबर कर्जमाफी होती, दीडपट भाव होता, आणि गुलाबी बोंडअळीने गेलेल्या कापसाची भरपाईही होती. सुरगाणा-पेठच्या भात-नागलीवाल्याने आपल्या बोंडअळीचे गाऱ्हाणे मुंबईपर्यंत वाहून नेले. आता त्याच्या दाव्याचे काय म्हणून आपण विचारायचे नाही?

१२ मार्चला शासनाने लेखी आश्वासन दिले: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. २०१९ साली पुन्हा मोर्चा निघाला. मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघाला, तो वासिंदपर्यंत आला. सहा महिने किती लांबले ते यावरून समजा.

आणि ही भूतदया नव्हे, आपलाच हिशेब आहे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याला पीककर्ज मिळणे कठीण, विमा कठीण, सरकारी खरेदीला कापूस घालणेही कठीण. तो व्यापाऱ्याला पडेल भावाने देतो, आणि त्याचा पडेल भाव आपल्याही गाडीचा भाव पाडतो. गायरान आणि पडीक जमीन कसणारे तर आपल्याच गावात आहेत. कब्जेदाराला कधीही उठवता येते हे एकदा चालू दिले, की धरण, रस्ता, औद्योगिक वसाहत यांच्यासाठी आपला नंबर लागायला वेळ लागत नाही.

१९९५ साली कोपनहेगनला सामाजिक विकासाची जागतिक परिषद भरली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा इथे दुसरी भरली. तीस वर्षांनी पुन्हा गोड शब्दांचा जाहीरनामा झाला. तो आपण आपल्या कामाला जुंपायचा.

म्हणून बैठकीपुढे तीन ठराव. एक, प्रत्येक गावातील वनहक्काचे प्रलंबित व फेटाळलेले दावे ग्रामसभेत वाचून त्यांची यादी कारणांसह तहसीलला द्यावी. दोन, २००६ च्या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायला सांगितले आहे. तो तसाच मिळावा आणि सातबाऱ्यावर कसणाराची नोंद व्हावी. तीन, करार १६९ मान्य का केला नाही, हे आपल्या खासदाराला लेखी विचारावे आणि लेखीच उत्तर मागावे.

ठरावाला हात वर करण्याआधी आपल्या गावातील एक तरी दावेदार बैठकीला घेऊन या. त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकू, मग मत देऊ.