लोणारच्या चिखलाचा उपयोग काय?

लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि काही दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून निर्वाळा दिला: पाणी आटले, क्षार वाढले आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव माजले. रंगाचे कोडे सुटले, तशी चर्चाही ओसरली. मागे उरला तो एक जुनाच आक्षेप, जो विज्ञानावरच्या खर्चाचा विषय निघाला की हमखास पुढे येतो. असल्या आडजागच्या जंतूंचा अभ्यास करून मिळते काय? जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. तेव्हा लोणारचा चिखल उपसण्यापेक्षा तो पैसा क्षयाकडे वळवा.

आक्षेप कळकळीचा आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. त्याचे उत्तर क्षयापासूनच सुरू करावे लागते.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की रुग्णाला लवकरच एक गोष्ट दिसते: लघवी केशरी-लाल होते. तो घाबरतो आणि आशाताई त्याला समजावते की हा औषधाचाच रंग आहे. ते औषध म्हणजे रिफाम्पिसिन. १९५७ मध्ये फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातून मातीचा एक नमुना मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या मातीतल्या एका जिवाणूने तयार केलेल्या रसायनात फेरफार करत हे औषध घडले. दीड-दोन वर्षे चालणारे उपचार पुढे सहा महिन्यांवर आले, त्यात रिफाम्पिसिनचा वाटा फार मोठा. त्याआधीचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्सला सापडले, तेही मातीतल्याच जिवाणूत. आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. जंतूंचा नाद सोडून क्षयाकडे वळा म्हणणाऱ्याला क्षयाच्या औषधांचा इतिहासच आडवा येतो.

यावर आक्षेपकाचा प्रतिवाद ठरलेला असतो. मातीत औषध शोधणारे औषधच शोधत होते, त्यांच्यापुढे उद्दिष्ट होते. खाऱ्या डबक्यात आणि उकळत्या झऱ्यात नुसते कुतूहल म्हणून डोकावणाऱ्यांचे काय? हा मुद्दा पहिल्यापेक्षा भक्कम आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवे.

टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमधून नमुने गोळा करत होते. सजीव किती उष्णता सोसू शकतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांना सत्तर अंशांच्या पाण्यात सुखाने वाढणारा थर्मस ॲक्वाटिकस सापडला. १९६९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत वाण जंतुसंग्रहात जमा केले.

कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये डीएनएच्या नकला काढण्याच्या पीसीआर पद्धतीची कल्पना सुचली, तेव्हा तिच्यात एक मोठी अडचण होती. डीएनएचे दोन धागे सुटे करायला नळी दर आवर्तनात सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावी लागते. त्या तापाने धाग्याची नक्कल करणारे विकर निकामी होई. दर खेपेला नळी उघडायची, हाताने नवे विकर घालायचे आणि असे वीस-तीस वेळा करायचे. यलोस्टोनच्या जंतूचे विकर मात्र हा ताप सोसते. ते एकदाच घालून नळी बंद केली की पुढचे काम यंत्र करते. कोविडच्या साथीत नाकातल्या स्वॅबची जी आरटीपीसीआर चाचणी गावोगावी झाली, तिची पद्धत या उष्णता सोसणाऱ्या विकरांवर उभी आहे. १९६६ मध्ये ब्रॉक यांच्याकडे उपयोगाचा दाखला मागितला असता, तर त्यांना तो देता आला नसता.

दुसरे उदाहरण मिठागराचे. स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरातल्या एका क्षारप्रेमी सूक्ष्मजीवाचा डीएनए वाचताना फ्रान्सिस्को मोहिका या संशोधक विद्यार्थ्याला एक विचित्र रचना दिसली. साधारण तीस अक्षरांचा तोच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होता. त्याचा पहिला लेख १९९३ मध्ये आला. मधल्या जागेतली अक्षरे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात आणि ही सूक्ष्मजीवाची रोगप्रतिकार यंत्रणा असावी, हे त्याला २००३ मध्ये उमगले. तो निबंध नामांकित नियतकालिकांनी नाकारला आणि २००५ मध्ये कुठे छापला गेला. त्याच यंत्रणेतून पुढे क्रिस्पर हे जनुके कापण्याचे तंत्र निघाले, ज्यासाठी शार्पेंतिए आणि डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने या तंत्राच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, तोही सिकलसेलवर. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना हा आजार काय असतो ते सांगावे लागत नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वस्त देशी उपचार घडवण्याचे जे काम चालले आहे, ते मोलाचे.

या क्षेत्रात अतिशयोक्ती होते, हा आरोप मात्र मान्य करावाच लागेल. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगू शकतो, असा दावा गाजावाजाने झाला. दोनच वर्षांत इतर प्रयोगशाळांनी तो खोडून काढला आणि २०२५ मध्ये सायन्स नियतकालिकाने मूळ निबंध मागे घेतला. आतड्यातल्या जंतूंच्या नावाने चाललेल्या बाजारातही खरे-खोटे मिसळले आहे. पण आर्सेनिकचा तो दावा खोडला कोणी? ज्यांच्या अभ्यासाला निरुपयोगी म्हटले जाते, त्याच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी. हे मनुष्यबळ हवे, ते याचसाठीही.

आता लोणार. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये घडलेल्या या विवरातले पाणी खारे आहे आणि त्याचा सामू दहाच्या आसपास. अशा जागा जगात मोजक्या. हैदराबादच्या सीसीएमबीने इथून इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस आणि सेसेम्बिया लोनारेन्सिस या नव्या जाती नोंदवल्या. अल्कधर्मी पाण्यात काम करणाऱ्या विकरांची किंमत उद्योगाला पक्की ठाऊक आहे. जपानच्या कोकी होरिकोशी यांनी असेच अल्कप्रेमी जिवाणू अभ्यासले आणि तशी विकरे कपडे धुण्याच्या पावडरीत गेली. लोणारमधल्या कोणत्या जंतूचे पुढे काय होईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. ब्रॉक यांनाही आपल्या जंतूबद्दल सांगता आले नसते. त्यांच्या जंतूचे वाण जपून ठेवलेले होते, म्हणून ते पुढे उपयोगी पडले. पुण्यातला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह हेच काम करतो. त्याच्या निधीला चैन म्हणणे चूक आहे.

आणि नुकसान तर समोर आहे. लोणार गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे या विवरात उतरत आले आहे. गोडे आणि घाण पाणी मिसळत गेले की पाण्याचा खारेपणा आणि अल्कता घटते, आणि त्यांच्यावरच जगणारे जीव संपतात. २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, पण दर्जाने सांडपाणी थांबत नाही. राज्य सरकारने विवरात उतरणारा सांडपाण्याचा प्रत्येक प्रवाह अडवावा, सरोवराच्या सर्व थरांतल्या सूक्ष्मजीवांची पद्धतशीर नोंद करावी आणि त्यांची वाणे पुण्याच्या संग्रहात सुरक्षित ठेवावीत.