मीटरमधले बटण

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे घरातले दिवे मालवले, तेव्हा वीजजाळ्याची एक मोठी परीक्षाच झाली. पंतप्रधानांचे आवाहन दोन दिवस आधी आले होते. तारीख ठाऊक, घटका ठाऊक. फक्त दिवे मालवा, पंखे-फ्रिज चालू ठेवा, असे सरकारने बजावलेले. सगळे एकदम बंद करू नका, असे महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनीही विनवले होते. मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटने उतरेल, असा अभियंत्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात साधारण पंचवीस मिनिटांत ती ३१,०८९ मेगावॉटने उतरली. जलविद्युत केंद्रे आधीच सज्ज ठेवली होती, म्हणून निभावले. पन्नास हर्ट्झच्या आसपास स्थिर राहायला हवी ती जाळ्याची फ्रिक्वेन्सी त्या काळात ४९.७० ते ५०.२६ अशी झुलली. भार प्रेषण केंद्रांतल्या माणसांनी त्या रात्री जे केले, त्याबद्दल त्यांचे जेवढे ऋण मानावे तेवढे थोडे.

पण देशातले सर्वांत जाणते लोक, दोन दिवसांची मुदत हाती असूनही, अंदाजात दुपटीहून अधिक चुकले. कोट्यवधी घरे एकदम काय करतील हे आपल्याला नीट ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. आता त्याच घरांच्या भिंतींवर आपण स्मार्ट मीटर लावत आहोत. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या योजनेत २५ कोटी मीटरांचे उद्दिष्ट आहे.

महाराष्ट्रात या मीटरांवरून भांडण झाले ते बिलावरून. मोर्चे निघाले. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले आणि मग पोस्टपेड स्मार्ट मीटर बसू लागले. लोकांची बिलाची धास्ती खरी आहे, तिला उत्तर मिळालेच पाहिजे. मात्र पैसे आधी भरायचे की नंतर, एवढाच फरक या दोन मीटरांत आहे. घराची वीज दूरवरून तोडणारे आणि जोडणारे बटण दोन्हींत आहे; घरगुती स्मार्ट मीटरच्या भारतीय मानकातच ते धरलेले आहे. पूर्वी थकबाकीदाराची वीज तोडायला वायरमन शिडी घेऊन दारात यायचा. त्याला दिवसभरात किती घरे करता येणार? आता सर्व्हरवरून एक आज्ञा सुटली की एक घर बंद होते, आणि तीच आज्ञा लाखो घरांनाही धाडता येते.

घरामागे अर्धाच किलोवॉट धरा. एक कोटी मीटर एकदम बंद झाले तर पाच हजार मेगावॉटचा भार गळून पडतो. सगळे कोयना जलविद्युत संकुल पूर्ण क्षमतेने चालले तरी दोन हजारांच्या आसपास जाते, म्हणजे हे त्याच्या अडीचपट झाले. शिवाय २०२० मध्ये मागणी उतरायला पंचवीस मिनिटे लागली. आज्ञेला काही सेकंद पुरतील. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले, तेव्हापासून सारा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. कुठेही बसलेला हिसका सगळीकडे जाणवतो.

हा धोका जाणकारांना नवा नाही. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी २०१० मध्येच एका शोधनिबंधात विचारले होते की हे बटण नेमके कुणाच्या ताब्यात आहे. ब्रिटनमध्ये मग महत्त्वाच्या आज्ञेवर एकापेक्षा अधिक सह्या लागतील, आज्ञांची संख्या नेहमीपेक्षा वाढली की त्या अडवल्या जातील, अशी रचना झाली. भार जोडण्या-तोडण्याच्या वेळा मुद्दाम अर्ध्या तासात विखुरण्याची सोयही ठेवली गेली. हे शेवटचे फार मोलाचे आहे. कारण सगळे एकदम तोडणे जितके घातक, तितकेच सगळे एकदम जोडणेही.

आज्ञा सांकेतिक करून पाठवली की काम झाले, असे वीज कंपन्यांकडून सांगितले जाते. तेवढ्याने भागत नाही. चोर सर्व्हरपर्यंत पोहोचला, तर त्याची आज्ञा खऱ्या किल्लीने, खऱ्या सहीनेच निघेल. सही बरोबर असलेला हुकूमही वेडा आहे, हे यंत्राने ओळखायचे कसे, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. आम्हाला त्यातली एक वाट आशेची वाटते. मीटरला फ्रिक्वेन्सी स्वतः मोजता येते. जाळे आधीच डळमळत असेल तर तुटण्याची आज्ञा मीटरने आपणहून थोपवून धरावी, वर विचारू नये. पण चालू फ्रिक्वेन्सीत किती फरक पडला की थोपवायचे? भिंतीवर दहाएक वर्षे राहणाऱ्या स्वस्त चिपला हे जमेल का? गावच्या फीडरवर आणि मुंबईच्या इमारतीत एकच नियम चालेल का? ही उत्तरे परदेशातून उचलून आणता येणार नाहीत; इथल्या भारावर, इथल्या रोहित्रांवर ती तपासावी लागतील.

त्यासाठी आधी झाकपाक थांबायला हवी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, लोकल रुळांवर थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की सायबर घातपाताची शक्यता दिसते. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की ती मानवी चूक होती. एकाच घटनेची दोन सरकारी उत्तरे लोकांपुढे राहिली. अशा घटनेच्या नोंदी संशोधकांच्या हाती मोकळेपणाने पडत नाहीत, तोवर आपल्या प्रयोगशाळा कल्पनेतल्या जाळ्यावरच प्रयोग करत राहणार.

आमची मागणी साधी आहे. पुढचे मीटर भिंतीवर चढण्याआधी राज्य वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणीत विचारावे : एका तासात जास्तीत जास्त किती मीटर तोडता येतील, ही मर्यादा कुणी ठरवली, आणि ती सर्व्हरमध्ये आहे की मीटरमध्ये? सर्व्हरमध्ये असेल, तर सर्व्हर ज्याच्या हाती पडेल त्याच्याच हाती तीही पडेल.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले. पडद्यावरचा माउस आपोआप फिरताना कर्मचारी पाहत राहिले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, कारण माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर पोहोचली आणि त्यांनी हाताने ब्रेकर ओढले. तिथे काही डझन उपकेंद्रे होती. इथे मीटर कोटींनी आहेत, आणि मीटरमधल्या त्या बटणाला बाहेरून दांडा नाही.