मुंबई–नागपूर : दीड तासाचा मार्ग

गेल्या माघांत पहाटे पांच वाजतां नागपुराहून दूरध्वनि आला कीं, ताईचें दुखणें विकोपास गेलें आहे. चिरंजीवांनीं साडेआठच्या विमानाचीं तिकिटें काढलीं आणि भाच्यास कळविलें, "दीड तासाचा तर मार्ग, दहाला येतों." ताई दहापासून तक्क्याला टेकून दाराकडे पाहत बसली. आम्ही महालांतील घरीं पोहोंचलों तेव्हां बारा वाजले होते आणि तिला ग्लानि आली होती. पुढें ती बोलली नाहीं.

चूक आमच्या हिशेबाची होती. ज्यांचीं माणसें अशीं दोन गांवीं विभागलीं आहेत, त्यांच्यापुढें तो हिशेब मांडतों.

आरंभीं अंतर. मुंबईचा विमानतळ 19 अंश 5 कला अक्षांशावर, नागपूरचा 21 अंश 5 कलांवर. म्हणजे उत्तरेस दोन अंश, सुमारें 222 किलोमीटर. रेखांशांत भेद 6 अंश 11 कलांचा. या भागांत रेखांशाचा एक अंश सुमारें 104 किलोमीटर भरतो, म्हणून पूर्वेस 643. दोहोंचा कर्ण काढला कीं 680 किलोमीटर येतात. (याच भेदामुळें नागपुरास सूर्य मुंबईच्या पंचवीस मिनिटें आधीं माथ्यावर येतो, पंचांगवाले ‘देशांतर’ म्हणून जो संस्कार करितात तो हाच. अध्यापकाची खोड, क्षमा असावी.) लोहमार्ग मात्र वळणावळणांनीं 837 किलोमीटरांचा होतो.

उंचावर स्थिरावलेलें विमान तासीं 800 किलोमीटरांच्या आसपास जातें. त्या वेगानें पन्नास मिनिटें पुरावींत. वेळापत्रकांत नव्वद असतात, कारण धांवपट्टीपर्यंत सरकणें, चढणें, उतरणें हें सर्व त्यांतच धरलेलें असतें. माघांत वरचे वारे पश्चिमेचे. जातांना ते पाठीशीं असतात, परततांना तोंडावर.

चिरंजीवांनीं जे दीड तास धरले ते एवढेच. प्रत्यक्षांत डोंबिवलीचें घर पावणेसहाला सोडलें. विमानतळ गांठण्यास दीड तास लागला. सामान घेण्याची खिडकी विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधीं बंद होते, म्हणून पुढचा सव्वा तास तेथेंच गेला. विमान पन्नास मिनिटें उशिरा निघालें. मग तें नव्वद मिनिटांचें उड्डाण. आणि सोनेगांवास उतरून, सामान घेऊन महाल गांठीपर्यंत एक तास दहा मिनिटें. बेरीज सव्वासहा तास. रात्रीच्या जलद आगगाडीस साधारण अकरा लागतात. विमानानें वेळ वांचला यांत संशय नाहीं. पण दहा हा आंकडा आम्हीं ताईस कशाच्या आधारें दिला, याचें उत्तर मजपाशीं नाहीं.

तिच्या वर्षश्राद्धास आम्ही पुन्हां जाणार आहों. विमान दुपारीं एकचें आहे. चिरंजीवांनीं भाच्यास कळविलें तें असें : "रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोंचूं. खोळंबूं नका."