हल्ला झाला, पण पुरावाच नाही: नेटवर्कच्या ‘लॉग’चं काम आता माणसाऐवजी स्क्रिप्टकडे का जातंय?

सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही क्लाउड ग्राहकांच्या सुरक्षा नोंदी दोन आठवड्यांहून जास्त काळ अर्धवट राहिल्या. २ ते १९ सप्टेंबर दरम्यान हे घडलं. कोणी हॅकिंग केलं नव्हतं. नोंदी गोळा करून पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्याच एका अंतर्गत प्रोग्राममध्ये बग होता. ईमेल चालू होते, लॉगिन होत होतं, पण कोण कधी आत आलं याच्या वहीतली काही पानं कोरी राहत होती.

याच नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. त्यांची किंमत किती, हे त्याआधीच्या वर्षी दिसलं होतं. २०२३ मध्ये चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या हॅकर्सनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे ईमेल वाचले. हे लक्षात आलं, कारण त्या खात्याने जादा पैसे मोजून अधिक तपशिलाचे लॉग घेतले होते. त्यावरून टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ते लॉग साध्या ग्राहकांनाही देण्याचं जाहीर केलं.

भारतात काय नियम आहे?

लॉग ठेवणं भारतात ऐच्छिक नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. लॉगची प्रत परदेशातल्या सर्व्हरवर असली तरी चालेल, पण मागितल्यावर ती देता आली पाहिजे, असा खुलासा नंतर झाला. यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळलेली हवीत, हेही त्यात आहे. ही अट किरकोळ वाटते, पण दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक असेल तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही.

मग अडचण कुठे येते?

समजा, एका बँकेच्या २०० शाखा आहेत. प्रत्येक शाखेत फायरवॉल, स्विच आणि वायफायचं यंत्र. आजकाल हे सगळं ‘क्लाउड-मॅनेज्ड’ असतं, म्हणजे मुख्यालयातला माणूस ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडून कुठल्याही शाखेची सेटिंग बदलू शकतो. सिस्को मेराकी हे त्यातलं एक प्रचलित नाव.

डॅशबोर्डवर नोंदी दिसतात, म्हणून अनेकांना वाटतं की क्लाउडने सगळं सांभाळलंय. पण तिथल्या नोंदी कायम राहत नाहीत आणि त्यात सगळा तपशीलही नसतो. दीर्घकाळ जपायच्या तर त्या स्वतःच्या लॉग सर्व्हरकडे पाठवाव्या लागतात. मेराकीत हा पत्ता प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा भरावा लागतो: सर्व्हरचा आयपी, पोर्ट (बहुतेकदा ५१४) आणि कुठल्या प्रकारच्या नोंदी पाठवायच्या ते. २०० शाखा म्हणजे २०० वेळा तेच पान. शंभराव्या पानावर एखादा आकडा चुकला तर कुठलाही लाल दिवा लागत नाही. त्या शाखेचं इंटरनेट व्यवस्थित चालू राहतं.

म्हणून हे काम स्क्रिप्टला दिलं जातं. डॅशबोर्डला एपीआय असतो, म्हणजे माणसाने क्लिक करण्याऐवजी प्रोग्रामने आज्ञा देण्याची सोय. स्क्रिप्ट शाखांची यादी मागवते, प्रत्येकीची सध्याची सेटिंग वाचते, नवी लिहिते आणि लिहिलेली पुन्हा वाचून पाहते. मेराकी एका संस्थेला साधारणपणे सेकंदाला १० विनंत्यांची मर्यादा घालते. २०० शाखांच्या ६०० विनंत्या झाल्या, म्हणजे जेमतेम एका मिनिटाचं काम. नवी शाखा उघडली की हीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची.

एका मिनिटात बिघडूही शकतं

इथे वेगाची दुसरी बाजू येते. मेराकीची ही आज्ञा जुन्या यादीत नवा सर्व्हर जोडत नाही, सगळी यादीच नव्याने लिहिते. आधी तिथे सुरक्षा पथकाचा दुसरा सर्व्हर असेल आणि स्क्रिप्टने तो वाचून पुन्हा समाविष्ट केला नसेल, तर तो २०० ठिकाणांहून एकदम गायब. हाताने काम करणाऱ्याने एवढी चूक करायला दोन दिवस घेतले असते, आणि कदाचित मध्येच कोणी तरी विचारलं असतं.

दुसरी गंमत म्हणजे यंत्राचं नियंत्रण क्लाउडमध्ये असलं तरी लॉग क्लाउडमधून येत नाहीत. शाखेतलं यंत्र ते थेट सर्व्हरकडे पाठवतं. मधला रस्ता बंद असेल तर डॅशबोर्डवर सेटिंग अगदी बरोबर दिसते आणि सर्व्हरवर मात्र काहीच पोहोचत नाही. त्यात ‘सिसलॉग’ ही पद्धत १९८० च्या दशकातली, एरिक ऑलमन यांनी बर्कलेत तयार केलेली. तिच्या साध्या रूपात पोच घेण्याची सोयच नाही. साध्या टपालासारखं आहे: पत्र टाकणाऱ्याला ते मिळालं की नाही, हे कळत नाही. मजकूरही उघडा असतो, त्यामुळे तो व्हीपीएनमधून नेलेला बरा.

आणि ज्या एपीआय कीने हे सगळं होतं, तिला लिहिण्याचा अधिकार असतो. ती चोराच्या हाती लागली तर तो दार फोडण्याआधी कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे वळवू शकतो. तरीही अशा की स्क्रिप्टच्याच फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या सापडतात.

त्यामुळे जाणकार पथकं आणखी एक स्क्रिप्ट चालवतात, आणि ती डॅशबोर्डकडे बघतच नाही. ती रोज रात्री लॉग सर्व्हरवर जाऊन प्रत्येक शाखेची शेवटची ओळ किती वाजता आली, एवढंच तपासते. एखादी शाखा चोवीस तास गप्प असेल, तर तिथे सुट्टी होती की आणखी काही, हे सकाळी फोन करून विचारावं लागतं.