लॅप्स झाले, की केले?

मोठ हे झाशी-कानपूर रस्त्यावरचे तहसिलीचे गाव. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या रणरणत्या उन्हात तपासणीच्या निमित्ताने तेथे गेलो होतो. हातपंपांच्या दुरुस्तीसाठी आलेली रक्कम खर्च का झाली नाही, असे एका कार्यालयात विचारले. कारकुनाने निर्विकारपणे सांगितले, "लैप्स हो गया, साहब." बाहेर ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही हेच उत्तर मिळाले होते. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता; यंदाही पाणी नाही, एवढे मात्र त्याला नेमके कळले होते.

झाशीच्या मुलखात हा शब्द मराठी माणसाच्या कानाला बोचल्याखेरीज राहत नाही. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी रीतसर दत्तक घेतलेल्या दामोदररावांचा हक्क डलहौसीने नाकारला आणि १८५४ मध्ये संस्थान घशात घातले. साताऱ्यावर हा प्रयोग १८४८ सालीच झाला होता. नागपूरवर तो झाशीबरोबरच, १८५४ मध्ये झाला. इंग्रजी दप्तरात नोंद काय? राज्ये 'लॅप्स' झाली. या शब्दाचे लॅटिन मूळ घसरण्याचा अर्थ सांगते. जणू झाशी आपणहून घसरून कंपनीच्या पदरात पडली! आपली भाषा अधिक प्रामाणिक. डलहौसीने संस्थाने खालसा 'केली', असे आपण म्हणतो. त्या वाक्याला कर्ता लागतो.

गंमत अशी की, जातानाही इंग्रजांनी हाच शब्द वापरला. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील सार्वभौमत्व लॅप्स झाले आणि त्याबरोबर संस्थानिकांशी केलेले करारमदारही. घेताना कोणी घेतले नाही, सोडताना कोणी सोडले नाही.

आज विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स, बंदोबस्त ढिला पडला की सिक्युरिटी लॅप्स, लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढील प्रलंबित विधेयके लॅप्स. शासकीय मराठीने त्याला 'व्यपगत' असे जड नाव दिले. कर्ता तेथेही बेपत्ताच.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. संसद एका वर्षासाठी पैसा मंजूर करते. ३१ मार्चला उरलेली रक्कम परत जाणे हा लोकशाहीचा अंकुश आहे व तो राहिलाच पाहिजे. मार्चमधील खर्चाची झुंबड हा वित्तीय औचित्याचा भंग होय, असे २०१७ चे सामान्य वित्तीय नियमही बजावतात. माझा आक्षेप नियमाला नाही. मंजुरी कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे त्या एका शब्दाखाली झाकले जाते, याला आहे.

भूसंपादनाचे उदाहरण पाहा. २०१३ च्या कायद्याच्या कलम २४ ने जुनी, रेंगाळलेली संपादने लॅप्स होण्याची वाट शेतकऱ्यास खुली केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की, ताबाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन लॅप्स होईल. निर्णय कायद्याच्या दृष्टीने असेल तसा असो. पण विचार करा: लॅप्समुळे सरकारचे नुकसान होणार असेल तर दुहेरी कसोटी, हातपंपवाल्या गावाचे होणार असेल तर कॅलेंडरचे एक पान पुरे!

उपाय साधा आहे. परत गेलेल्या प्रत्येक रकमेपुढे, प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या पदाकडे आला व तेथून केव्हा निघाला, हे लिहावे आणि ते पत्रक तहसिलीच्या भिंतीवर लावावे. 'लॅप्स झाले' असे लिहिलेल्या कागदांवर नोकरीच्या काळात माझीही सही झाली आहे. तेव्हा त्या यादीत माझे पदही येईल. यावे. डलहौसीने निदान आपल्या निर्णयाखाली सही केली होती. आमच्या लॅप्सखाली तीही नसते.