ढिवर 'लाभार्थी' नाही, संशोधक आहे!

वणीत निर्गुडा आहे, तालुक्यातून वर्धा वाहते, भोवती कोळसा खाणी. पण या पाण्यावर जगणाऱ्या भोई-ढिवरांचा प्रश्न चळवळीच्या अजेंड्यावर कुठे आहे? 'तो भटक्या जमातींचा विषय' म्हणून कार्यकर्ते मोकळे होतात. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी सांगितलेला हक्क एकाच जातीपुरता होता काय?

संशोधकही येतात. फॉर्म भरतात, पीएच.डी. मिळवतात, ढिवर मात्र 'लाभार्थी'च राहतो. आमचा आक्षेप यालाच आहे.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावला उलटं घडलं. १९५० च्या कायद्यानंतर मालगुजारी तलाव सरकारकडे गेले, देखभाल संपली, बेशरम माजली, देशी मासा घटला. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांनाच विचारलं. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे पतिराम तुमसरेंसारख्या मासेमारांना पाठ होतं. सगळ्यांनी मिळून बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. देशी मासा परत आला. रोहू-कटल्याचं बीज सोडलं की झाला मत्स्यविकास, हा समज तिथं मोडला.

'अडाणी माणूस काय संशोधन करणार?' असं विचारणाऱ्याच्या डोक्यात मनूच बसलाय, मग त्याच्या भिंतीवर फोटो कुणाचाही असो.

वणीच्या समाजशास्त्राच्या पोरांनी आता प्रश्नावली मच्छीमार सोसायटीत बसूनच बनवावी. मासा कधी मरतो, पाणी कधी काळं होतं, याची नोंद ढिवरांनी सांगावी, आपण लिहावी. अहवाल मराठीत करावा. त्याची पहिली प्रत सोसायटीला, दुसरी तहसीलदाराच्या टेबलावर. विद्यापीठाला उरली तर तिसरी.

जय भीम!